अंगणातल्या पुंगळ्या

व्हर्नेटा गेदरला तिच्या आईनं वर्षाच्या पहिल्या दिवसाचे दोन नियम घालून दिले होते. एक, चवळी आणि पालेभाजी खाल्ल्याशिवाय दुसरा घास तोंडात घालायचा नाही. दोन, त्या दिवशी झाडू हातात धरायचा नाही, कारण केराबरोबर घरातलं एखादं माणूसही झाडून जातं. आई जाऊन जमाना झाला, पण साठी उलटलेल्या व्हर्नेटाची हे नियम मोडायची अजून छाती होत नव्हती. म्हणून चर्चमधल्या बायकांना घेऊन दर एक जानेवारीला वस्तीतल्या पुंगळ्या गोळा करायचं तिनं काढलं, तेव्हा पहिली ताकीद दिली ती झाडूची.

"झाडू घरी ठेवून यायचं. हातमोजे घाला, वाका आणि वेचा."

"अगं बाई, कंबर राहील का जागेवर?"

"झाडणं वेगळं, वेचणं वेगळं. देवाला फरक कळतो."

पुंगळ्या म्हणजे काडतुसाची रिकामी पितळी टरफलं. गोळी पुढे जाते, पुंगळी मागे पडते. बाल्टिमोरच्या त्या वस्तीत बाराचे ठोके पडले की लोक परसात येऊन आभाळात गोळ्या झाडतात. बापजाद्यांपासून चालत आलेलं आहे, कोणाला त्यात वावगं वाटत नाही. चर्चमध्ये सरत्या वर्षाची प्रार्थना चाललेली असते आणि पाद्रीबाबांचं 'आमेन' त्या दणदणाटात बुडून जातं. सकाळी बघावं तर गल्लीबोळांत पितळ सांडलेलं. व्हर्नेटाच्या बायका ते वेचायच्या, सँडविचच्या पिशव्यांत भरायच्या, ज्या घरापाशी मिळालं त्याचा नंबर पिशवीवर लिहायच्या आणि सगळं पोलीस ठाण्यावर नेऊन द्यायच्या. तिथून ते प्रयोगशाळेत जाई. बंदुकीची पिन पुंगळीच्या बुडावर आदळते आणि तिथे वळ उमटतो. यंत्र त्या वळाचा फोटो घेतं आणि खुनांच्या जागी सापडलेल्या पुंगळ्यांच्या फोटोंत त्याचा जोडीदार शोधतं. यंत्रानं 'कदाचित' म्हटलं, की माणूस भिंगाखाली दोन्ही शेजारी ठेवून बघतो.

व्हर्नेटाचा या यंत्रावर बायबलच्या खालोखाल विश्वास होता. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभा जन्म काढला होता. तिथे तिच्या पळीपुढे मुख्याध्यापकसुद्धा मुकाट्यानं रांगेत उभे राहत. त्याच रांगेत ताटली धरून उभी राहिलेली पोरं पुढे एकेक करून गोळीनं गेली आणि मारणारा कोण, ते कोणी सांगेना. सांगेल तो उद्या मरेल, हे सगळ्यांना ठाऊक. "माणसं घाबरतात," व्हर्नेटा सभांमधून सांगायची, "पितळ घाबरत नाही." हे वाक्य तिनं विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभं राहूनही म्हटलं होतं, जांभळी टोपी घालून.

शेजारच्या मिस्टर कून्सना हे वाक्य ऐकलं की खोकला यायचा. हे गृहस्थ गोदीतून निवृत्त झालेले, बंदुकांचे शौकीन, रविवारी नेमबाजीला जाणारे. दोघांच्या परसांमध्ये जाळीचं कुंपण होतं आणि वाद त्या जाळीवरूनच चालायचे.

"मिस व्हर्नेटा, प्रत्येक नव्या बंदुकीची एक पुंगळी या राज्यानं वर्षानुवर्षं डब्यात घालून ठेवली होती. काय निघालं त्यातनं? गोदाम भरलं! शेवटी कंटाळून बंद केलं."

"ते वेगळं होतं. ते नव्या बंदुकांचं. आमचं पितळ रस्त्यावरचं आहे."

"आणि ते भिंगातनं बघणारे? ढगाकडे बघितलं तर मला माझी सासू दिसते, म्हणून ती काय ढगात आहे? आता कोर्टसुद्धा त्यांना म्हणतं, 'याच बंदुकीची' असं छातीठोक सांगू नका, 'असू शकेल' एवढंच म्हणा."

"तुमची सासू ढगात नाही, मिस्टर कून्स. तुमच्यासारखा जावई मिळाल्यावर ती थेट वर पोचली."

कून्स हसायचे आणि हरल्यासारखं करून आत जायचे. बंदुकीतलं व्हर्नेटाला ओ की ठो कळत नव्हतं आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं.

गंमत अशी की गोळ्या झाडणारा एक गडी तिच्या घरातलाच होता. लिनवुड, तिचा धाकटा भाऊ. गाड्या दुरुस्त करायचा, दोन गल्ल्या सोडून राहायचा, आणि दर वर्षी बारा वाजता बहिणीच्या मागच्या पायरीवर उभा राहून वडिलांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरनं आभाळात बार काढायचा. वडीलही त्याच पायरीवर उभे राहून काढत. व्हर्नेटा चर्चमधून आली की त्याला फैलावर घ्यायची आणि तो तिच्या गालाचा मुका घेऊन म्हणायचा, "नेटा, म्हाताऱ्याची आठवण आहे गं ती." दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन ती स्वतःचं अंगणही तपासायची. लोकांच्या दारात वाकायचं आणि स्वतःच्या नाही, हे तिच्या हिशोबात बसत नव्हतं. दर वर्षी तिच्या अंगणात काही मिळत नसे. या वर्षी मागच्या पायरीशी पितळ चमकताना दिसलं. तिनं ते वेचलं, पिशवीवर आपल्याच घराचा नंबर घातला आणि घाईनं पुढच्या घराकडे गेली. चवळी शिजायला ठेवून आली होती, ती करपेल याची तिला काळजी.

या वर्षी बायकांत एक नवीन होती, शरीस. जुलैमध्ये तिचा एकुलता एक मुलगा कीनन, मासे तळून विकणाऱ्या दुकानापुढे भर संध्याकाळी मारला गेला होता. दुकानापुढे रांग होती. त्या रांगेतल्या एकानंही काही पाहिलं नव्हतं.  शरीस दिवसभर नुसती वाकत होती आणि वेचत होती. तिच्या पिशव्या सगळ्यांत जास्त भरल्या.

मार्च लागला आणि एका दुपारी शरीस धावतच आली. हातात घरी भाजलेला रताळ्याचा गोड 'पाय', डोळे सुजलेले, पण चेहरा मात्र उजळलेला.

"मिस व्हर्नेटा! सापडली! बंदूक सापडली हो!"

"कुठली बंदूक? आधी बस. पाणी पी, पोरी."

"डिटेक्टिव्ह मालिनोस्कीचा फोन आला होता. माझ्या कीननच्या... जिथे पडला होता तिथली पुंगळी आणि आपण वेचलेल्यांतली एक, दोन्ही एकाच बंदुकीच्या. यंत्र म्हणालं, मग माणसानं बघितलं, मग दुसऱ्या माणसानं बघितलं. कुठल्या घरापाशी मिळाली ते सांगत नाही ती. पण आपल्या पिशवीतली, मिस व्हर्नेटा! तुम्ही नसता तर..."

 व्हर्नेटानं तिला पोटाशी धरलं आणि दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहून रडल्या. मग व्हर्नेटानं दोन्ही हात वर करून देवाचे आभार मानले. इतकी वर्षं लोकांनी तिला वेड्यात काढलं होतं. आता कून्सला जाळीशी बोलावून असं काही सुनवायचं की बास, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं.

शरीस गेली आणि फोन वाजला. मालिनोस्कीच होती. आवाज गोड, पण जरा जपून बोलणारा.

"मिस गेदर, उद्या सकाळी घरी असाल का? तुमच्या एका पिशवीबद्दल विचारायचं आहे. पिशवीवर तुमच्याच घराचा नंबर आहे. ती पुंगळी नेमकी कुठे मिळाली, अंगणात की मागच्या गल्लीत, एवढंच हवंय."

"उद्या या," व्हर्नेटा म्हणाली. रिसीव्हर ठेवला आणि मग तिला मागची पायरी आठवली. त्या पायरीवर तर लिनवुड उभा राहतो. लिनवुडनं वडिलांच्या रिव्हॉल्व्हरनं बार काढले होते. ते रिव्हॉल्व्हर कोणाच्या मुलाला मारायला बाहेर गेलेलं नव्हतं. यंत्र चुकलं असेल! आयुष्यात पहिल्यांदा तिला यंत्र चुकावंसं वाटलं, आणि वाटलं त्याची लाजही वाटली.

ती जाळीशी गेली. कून्स परसात कुंडीतली माती उकरत होते. तिनं सगळं सांगितलं, सासूबद्दल एक अक्षर न काढता. ऐकता ऐकता कून्सच्या हातातलं खुरपं थांबलं.

"तुमच्या वडिलांचं ते रिव्हॉल्व्हर मी पाहिलंय," ते हळू म्हणाले. "मिस व्हर्नेटा, रिव्हॉल्व्हर पुंगळ्या बाहेर टाकत नाही. त्या त्याच्या पोटातच राहतात, हातानं काढाव्या लागतात. म्हणून तर तुमच्या अंगणात कधी काही मिळालं नाही. या वर्षी ज्यानं बार काढले त्याच्या हातात पिस्तूल होतं."

व्हर्नेटानं जाळी धरली.

"लिनवुड माशी मारणार नाही."

"मी कुठे म्हणतो मारली? जिनं खून झालाय ती बंदूक कोणी जवळ ठेवत नाही. 'हिच्यावर मुडदा आहे' म्हणतात आणि येईल त्या किमतीला फुंकून टाकतात. घेणाऱ्याच्या गळ्यात मुडदा. तुमचं पितळ बंदूक ओळखतं, बाई. हात नाही ओळखत. मी इतकी वर्षं तेच तर सांगतोय." मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "उद्या ती विचारेल तेव्हा म्हणा, गल्लीतली. गल्लीतनं कोणीही जातं, कोणीही झाडतं. तुम्ही एकट्याच वाकला होता तिथे. कोण खोटं पाडणार तुम्हाला?"

घरात येऊन तिनं ते म्हणून पाहिलं. "गल्लीतली." सिंकपाशी म्हटलं, फ्रिजपाशी म्हटलं. एक शब्द. जिभेला काही जड नव्हता. पण दर वेळी शरीसनं आणलेला टेबलावरचा रताळ्याचा पाय दिसायचा. शेवटी तिनं त्यावर कापड टाकलं, कोट चढवला आणि लिनवुडचं गॅरेज गाठलं.

तो एका गाडीखाली पडला होता. बाहेर फक्त बूट.

"बाहेर ये."

"नेटा, पाच मिनिटं. तेल गळतंय."

"लिनवुड, बाबांचं रिव्हॉल्व्हर कुठाय?"

बूट हलायचे थांबले. मग तो सरकत सरकत बाहेर आला आणि तसाच जमिनीवर बसून राहिला, वंगणानं काळे झालेले हात मांडीवर ठेवून.

"चाप अडकायला लागला होता त्याचा," तो म्हणाला. "आणि ऑक्टोबरमध्ये तुझ्या घरात चोर शिरले. तू एकटी. मला झोप लागेना. मग एकाकडनं घेतली दुसरी. तुझ्याकडे ठेवावी म्हणत होतो, पण तू घराबाहेर फेकली असतीस मला."

"कोणाकडनं?"

"ते नको विचारू."

"त्या बंदुकीनं कीननला मारलंय. शरीसच्या कीननला."

लिनवुडचा चेहरा पाहून तिला एक गोष्ट कळली. हे त्यानं केलेलं नव्हतं. ती टायरच्या चळतीवर बसली. दुसरी गोष्टही विचारायची होती: ती तुला मिळाली कशी, इतकी सहज? पण ती तिनं विचारली नाही, आणि आपण मुद्दाम विचारत नाही हेही तिला समजत होतं.

"नदीत टाकतो," तो म्हणाला. "आज टाकतो. तू म्हण गल्लीतली."

"कून्सही तेच म्हणतो."

"मग! बंदुकीच्या बाबतीत एरवी कधी एकमत झालंय का वस्तीत?" तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "नेटा, नाव सांगितलं तर ते लोक येतील. माझ्याकडे नाही, तुझ्याकडे. तुझं घर बघून ठेवलंय विकणाऱ्यानं. मीच सांगितलं होतं ना त्याला, बहिणीसाठी हवी म्हणून. आणि बिनकागदाची बंदूक बाळगली म्हणून मला आत टाकतील ते वेगळंच."

व्हर्नेटाला खरंच भीती वाटली.  तिच्या घराचं मागचं दार, त्याची ती जुनी कडी, वरच्या मजल्यावरची एकटीची खाट, सगळं डोळ्यांपुढून गेलं. सभांमधून ज्यांना ती घाबरट म्हणायची त्यांना असंच वाटत असणार. मासेवाल्याच्या दुकानापुढे त्या संध्याकाळी उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या घराला एक मागचं दार होतं. 'गल्लीतली' म्हटलं की तीही त्यांच्या रांगेत जाऊन उभी राहणार होती, काहीही न पाहिलेली.

"मी उद्या खरं सांगणार आहे," ती म्हणाली. "पायरीशी मिळाली म्हणून सांगणार. पण शरीसला ते पोलिसांकडनं कळता कामा नये. आधी तुझ्या तोंडून कळू दे. ऊठ, हात धू."

"नेटा, मला कोंडतील."

"ठाऊक आहे मला." तिनं हात पुढे केला. "मला काय हौस आहे का रे? तुला माझ्या हातांनी वाढवलंय मी. ऊठ."

 शेवटी तो उठला. लोखंडी कपाटातून तेलकट फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली, डब्यात ठेवून डबा गाडीच्या मागच्या बाजूला टाकला आणि नळाखाली हात धरले. वंगण काही निघालं नाही.

शरीसनं दार उघडलं ते हसतच. "रताळ्याचा पाय खाल्ला का? गोड जास्त तर नाही ना झाला?" मागे लिनवुडला टोपी काढून उभा असलेला पाहिला तेव्हा तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

व्हर्नेटा उभ्या उभ्याच बोलली. बसली असती तर बोलता आलं नसतं. "शरीस, ती पुंगळी माझ्या अंगणातली आहे. माझ्या पायरीशी मिळाली. ती यानं झाडली."

शरीसनं दाराची चौकट धरली. तिच्या घशातून आवाज आला तो शब्द नव्हता.

"मी नाही मारलं त्याला," लिनवुड भडाभडा बोलला. "देवाशपथ! ऑक्टोबरमध्ये विकत घेतली मी ती. जुलैमध्ये माझ्याकडे नव्हती."

 मग शरीस बाजूला झाली. दोघं आत आले. भिंतीवर कीननचा शाळा संपल्याच्या दिवशीचा फोटो होता, समारंभाच्या निळ्या झग्यातला. शरीसनं लिनवुडपुढे खुर्ची ओढली.

"बस." ती समोर बसली. "स्वस्त मिळाली?"

"हो."

"का स्वस्त, ते विचारलंस?"

"नाही."

"का नाही विचारलंस?"

लिनवुडनं टोपी चुरगाळली. गॅरेजमध्ये बहिणीनं जो प्रश्न गिळला होता तो शरीसनं असा समोर ठेवला आणि व्हर्नेटाला मान वर करवेना.

"ठाऊक होतं म्हणून," तो म्हणाला. "तिच्यावर कोणाचा तरी मुडदा आहे हे कळलं होतं मला. कळूनच घेतली."

"कोणाचा तरी नाही," शरीस म्हणाली. "कीननचा."

लिनवुड रडायला लागला. मोठा, धिप्पाड माणूस, तोंड वेडंवाकडं करून रडत होता. व्हर्नेटानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटत होता, फार वाटत होता, पण त्या घरात तिला ते करता येईना. बाहेर एक गाडी मोठ्यानं गाणं लावून गेली. तिघांनीही खिडकीकडे पाहिलं, ती पुढे निघून जाईपर्यंत पाहिलं.

"यंत्रानं मला एवढंच सांगितलं, बंदूक कुठे आहे," शरीस म्हणाली. "पुढचं तुलाच सांगावं लागेल. मी पाया पडत नाही तुझ्या. रागावतही नाही. फक्त विचारते. कोणाकडनं घेतलीस?"

लिनवुडनं बहिणीकडे पाहिलं. लहानपणी दात काढायला नेलं होतं तेव्हा तो असाच बघायचा. व्हर्नेटाला वाटलं, आता नको म्हणावं. आत्ता म्हटलं तर अजून वेळ आहे, तो तिचं ऐकेल.  पण तिनं 'सांग' म्हणून मान हलवली.

"जेरोड पिंकनी," लिनवुड म्हणाला. "न्हाव्याच्या दुकानात बसलेला असतो तो. मारलं त्यानंच का, ते मला माहीत नाही. पण त्याच्याकडनं घेतली. उद्या पोलिसांपुढेही सांगतो."

शरीसनं ते नाव ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. मग उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिथे ओट्याला टेकून, पाठ करून उभी राहिली. व्हर्नेटा तिच्यामागे गेली, पण दारातच थांबली. पुढे जायचा आपल्याला हक्क उरला आहे की नाही, हे तिला ठरवता येईना.

"कीननच्या मयताला आला होता तो जेरोड," शरीस भिंतीकडे बघत म्हणाली. "दफन झाल्यावर जेवायला थांबला. मॅकरोनी संपत आली होती, मिस व्हर्नेटा. त्यानं आणखी मागितली. पोराचा मित्र म्हणून भांडं खरवडून वाढली मी त्याला."